जुन्या तलावाचा वारसा कशावरून ठरवावा? मासा, बांध की वहिवाट?

प्रश्न: पश्चिम भाग, बेळगाव

सर्व सदस्यांस नमस्कार. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, महाराष्ट्रातील चंदगडच्या हद्दीलगत आमचे गाव आहे आणि गावाच्या वरच्या अंगाला एक जुना तलाव आहे. बांध मातीचा असून पाण्याकडच्या बाजूला जांभ्या दगडाचे पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, आहे. बांधाच्या मध्यावर दोन काळ्या दगडी खांबांची तूब, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, आहे आणि दक्षिण टोकाला खडकातच फोडलेला सांडवा आहे. खालची भातखाचरे या पाण्यावर भिजतात. पण पंचक्रोशीत हा तलाव ओळखला जातो तो गळाने मासे धरणाऱ्यांचा तलाव म्हणून. कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे चार मासे त्यात मुख्यतः मिळतात. उन्हाळ्यात शहापूर-वडगावातून आणि तिकडे चंदगडहूनही माणसे तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि शेंगदाण्याच्या पेंडीचे गोळे घेऊन बांधावर येऊन बसतात.

ग्रामपंचायतीपुढे सध्या दोन प्रस्ताव आहेत. पहिला सुशोभीकरणाचा आहे. त्यात पिचिंगवर काँक्रीटची भिंत, बांधावर फरशीचा पदपथ, दिव्यांचे खांब आणि जुन्या तुबेच्या जागी लोखंडी झडप असे काम धरले आहे. दुसरा प्रस्ताव मासेमारीचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराला देण्याचा आहे. निर्णयापूर्वी तलावातील जुने आणि जपण्यासारखे काय आहे याचे टिपण तयार करावे, असे ग्रामसभेने आम्हां काही जणांना सांगितले आहे.

बैठकीत मते फार विखुरली. वडीलधारी मंडळी तलाव रट्ट राजांच्या काळचा असल्याचे सांगतात. तरुण मुले तुबेजवळ संध्याकाळी तोंड वर काढणाऱ्या एका मोठ्या कटल्याकडे बोट दाखवून, तो चाळीस वर्षांचा आहे आणि तोच तलावाच्या जुनेपणाचा पुरावा आहे, असे म्हणतात. काहींच्या मते गढूळ पाण्याच्या आणि बेशरमाच्या झुडपांनी वेढलेल्या तलावात जपण्यासारखे काही उरलेलेच नाही. माझा प्रश्न असा की, अशा तलावाचे मोल ठरवताना कशाला किती वजन द्यावे? वय, बांधकाम, मासा आणि वहिवाट यांपैकी मुख्य काय धरावे, आणि मोठा मासा हा खरोखरच वयाचा पुरावा होऊ शकतो का?

उत्तर: निवृत्त अभियंता, बेळगाव

आपण हा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी विचारलात हे फार बरे झाले, कारण तूब एकदा उखडली की तिच्यावरून काही ठरवण्याचा मार्गच बंद होतो. माझी सारी नोकरी लहान पाटबंधाऱ्यांच्या कामात गेली, त्यामुळे मी बांधापासून सुरुवात करतो.

तलावाची पारख करण्याची कसोटी आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात पोरुमामिळ्ळ येथील तलावाजवळ विजयनगरचा राजपुत्र भास्कर याचा इ. स. १३६९ चा शिलालेख आहे आणि त्यात चांगल्या तलावाची बारा अंगे व सहा दोष सांगितले आहेत. जलशास्त्र जाणणारा माणूस, टणक जमीन, गोड्या पाण्याचा प्रवाह, डोंगराला भिडलेला घट्ट आणि फार लांब नसलेला बांध, विस्तीर्ण आणि खोल पात्र, सरळ लांब दगडांची खाण, कसबी कारागीर अशी त्यांपैकी काही अंगे आहेत. दोषांत बांधातून पाणी झिरपणे, जमीन खारी असणे, पात्राच्या मध्ये उंचवटा असणे, पाणी थोडे आणि भिजवायची जमीन फार, किंवा पाणी फार आणि जागा थोडी, हे तर आहेतच, शिवाय तलाव दोन राज्यांच्या सीमेवर असणे हाही एक दोष मानला आहे. आपल्या तलावाला हा शेवटचा दोष लागू पडण्याची शक्यता मोठी आहे. पाणलोटाचा वरचा भाग महाराष्ट्रात असेल, तर तिथे उघडलेल्या दगडखाणीचा किंवा वाढलेल्या घरांचा परिणाम आपल्या गाळावर होईल आणि आपल्या पंचायतीला त्यावर काहीच बोलता येणार नाही. म्हणून टिपणाच्या पहिल्याच पानावर पाणलोटाचा नकाशा घ्यावा आणि राज्याची हद्द त्यावर स्पष्ट दाखवावी.

आता वयाविषयी. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीशी निगडित १२०४ सालच्या शिलालेखांमुळे या परिसरातील जुन्या वास्तूला रट्टांचे नाव सहज चिकटते. परंतु आपल्या तलावापाशी शिलालेख नसेल आणि कोणत्याही दानलेखात त्याचा उल्लेख सापडत नसेल, तर टिपणात तसा दावा करू नये. एक कच्चा दावा खोडला गेला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो. त्याऐवजी दगड वाचावा. आपल्या भागात जांभा हाताशी मिळतो, निपाणी-चिकोडीकडे काळा दगड, तर गोकाक-सौंदत्तीकडे वालुकाश्म. ज्या गावात जो दगड निघत नाही तो तिथल्या बांधात दिसला, तर तो कोणीतरी मुद्दाम आणलेला असतो. आपल्या तुबेचे खांब काळ्या दगडाचे आहेत आणि पिचिंग जांभ्याचे, हे मला महत्त्वाचे वाटते. खांबांच्या कडा हात फिरवून पाहा. दगड पाचरी ठोकून फोडलेला असेल, तर कडेला ठरावीक अंतरावर बोटभर रुंदीच्या आयताकृती खाचा दिसतील. यंत्राने भोक पाडून सुरुंगाने फोडलेला असेल, तर अर्ध्या नळीसारखी गोल उभी खूण दिसेल. दोन खांबांना जोडणाऱ्या आडव्या दगडांना भोके असतील आणि त्यांतून लाकडी दांडा खाली उतरून तळाच्या छिद्रात गट्टा बसवण्याची सोय असेल, तर ती जुन्या घडणीची तूब आहे आणि तिचे मोल तिथे बसवायच्या लोखंडी झडपेपेक्षा कितीतरी अधिक आहे. गळती असेल तर तुबेच्या मागे नवी झडप स्वतंत्रपणे बसवता येते. त्यासाठी खांब काढण्याची गरज नसते.

कागदपत्रांसाठी भूमापन कार्यालयातून तलावाच्या सर्व्हे नंबरचे आकारबंद (क्षेत्र व आकारणीची नोंद) आणि मोजणीचे टिपण (कच्चा नकाशा) काढावे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुनी मोजणी मुंबई पद्धतीची आहे आणि तलावाखालचे मूळ क्षेत्र त्यात नोंदलेले असते. आजचे क्षेत्र त्याच्याशी ताडून पाहिले की अतिक्रमण आपोआप उघड होते. जुन्या मोजणीत तलाव दाखवलेला असला तर शंभरी सहज सिद्ध होईल आणि तेवढे वयही थोडे नाही. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोग ज्या वारसा सिंचन रचनांची यादी करतो, तिच्यासाठी शंभर वर्षांची अटच आहे. मालवणजवळचा धामापूर तलाव २०२० साली त्या यादीत गेला. त्याचे बांधकाम १५३० चे सांगितले जाते, पण त्याची निवड केवळ वयावर झाली असे मला वाटत नाही, कारण तो आजही शेतीला पाणी देतो.

उत्तर: मत्स्य विभागात काम केलेला, हुक्केरी

अभियंता साहेबांनी बांधाविषयी लिहिले ते योग्यच आहे. माशाविषयी मी लिहितो, कारण या विषयात गैरसमज फार आहेत.

तुबेजवळचा तो कटला तलावाच्या वयाचा पुरावा होऊ शकत नाही. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे मासे आहेत. पावसाळ्यात नदीला पूर आला की वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणजे आपल्या तलावातील प्रत्येक कटला हा कोणीतरी बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीचे पिल्लू, म्हणून आणून सोडलेला आहे. पूर्वी हे बीज बंगालमधील नद्यांतून गोळा करून मातीच्या हंड्यांतून रेल्वेने दूरदूर नेत असत आणि वाटेत त्यातले पुष्कळ मरत असे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून जिरे (अगदी लहान पिल्ले) आणि बोटुकली बीजकेंद्रात तयार होऊ लागली आणि खेडोपाडीच्या तलावांत ती सोडणे आवाक्यात आले. त्याच स्मरणार्थ १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. माशाच्या वजनावरूनही वय काढू नये. खाणे भरपूर असेल तर कटला पहिल्या वर्षीच किलोभर होतो, आणि दाटी झालेल्या तलावात तीन वर्षांचा मासाही हाताएवढाच राहतो.

सायप्रिनसची गोष्ट वेगळी आहे. तो तलावातच वितो आणि पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो, त्यामुळे आपल्याकडच्या चारांपैकी तलावातच जन्मलेला मासा असेल तर तो हाच. तो दीर्घायुषीही आहे. इंग्लंडमध्ये हेरफर्डशायर परगण्यातील रेडमायर या छोट्या तळ्यात रिचर्ड वॉकर यांनी १९५२ साली चव्वेचाळीस पौंडांचा, म्हणजे सुमारे वीस किलोचा सायप्रिनस गळाने धरला. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९७१ पर्यंत जगला. त्या तळ्याची कीर्ती त्या माशामुळे झाली, आणि तिकडील गळवाले जुन्या तळ्याची थोरवी त्यातील माशांच्या वंशावरून आणि वयावरून सांगतात ते त्यांच्या परिस्थितीत रास्त आहे. आपल्या देशात मात्र सायप्रिनस स्वतःच नवखा आहे. तो निलगिरीत १९३९ साली श्रीलंकेतून आला आणि सपाटीवरच्या उष्ण पाण्यात टिकणारा त्याचा दुसरा वाण १९५७ साली बँकॉकहून आला. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे मासे १९५९ चे. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या तलावाचा वारसा या माशांत शोधणे हे उलट्या दिशेने चालण्यासारखे आहे.

तरीही माशाचे वजन टिपणात शून्य धरू नये. तलावाचा स्वभाव कसा असेल हे त्यात सोडलेला मासा पुष्कळ अंशी ठरवतो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. या तिघांनी पाण्याचे रूप फारसे पालटत नाही. सायप्रिनस मात्र ओठ पुढे काढून चिखल उकरतो, पाणी सदा ढवळलेले ठेवतो आणि मुळे सैल झालेली पाणवनस्पती उपटून वर तरंगू लागते. गवत्या तर वनस्पतीच खातो. म्हणून गावातील सत्तरीपुढील बायाबापड्यांना विचारा की तलावात पूर्वी कमळे होती का, शिंगाडे निघत होते का, तळ दिसत होता का आणि ते केव्हा बंद झाले. त्या उत्तराचा काळ आणि सायप्रिनस सोडल्याचा काळ जुळला, तर ज्या गढूळपणामुळे बैठकीत तलावात जपण्यासारखे काही उरले नाही असे म्हटले गेले तो तलावाचा मूळ स्वभाव नव्हे, तो अलीकडचा आहे, हे आधाराने लिहिता येईल. पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि ती कुठल्या खोलीवर दिसेनाशी होते ते महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवा. पाणी मातकट दिसले तर दोष गाळाचा किंवा सायप्रिनसचा, हिरवे दिसले तर शेवाळाचा, म्हणजे बहुधा वरच्या शेतातील खताचा, सांडपाण्याचा किंवा गळवाल्यांनी अति टाकलेल्या पेंडीचा.

युरोपात सायप्रिनससाठीच बांधलेला आणि तरीही वारसा ठरलेला तलाव हवा असेल, तर झेक देशातील रोझम्बेर्क हा आहे. तो १५८४ ते १५९० या काळात बांधला. तिथेही मासा पाळीपाळीने सोडतात आणि शरदात पाणी उतरवून काढतात. चारशे वर्षे टिकली ती बांधाची, पाणी उतरवण्याच्या सोयीची आणि त्या शरदातील काढणीची शिस्त.

आणखी एक सांगतो. आपल्या यादीत मरळ, वांब, शिंगटी आणि खवली या देशी माशांची नावे नाहीत. ते तलावात खरोखर नाहीत, की गळवाले त्यांना मोजत नाहीत, हे नीट पाहा. तलाव जुना असेल तर जुने रहिवासी तेच असतात.

उत्तर: दूधगंगाकाठ, चिकोडी तालुका

आम्ही भोई समाजाचे. आजोबांपासून पाग (फेकून टाकायचे जाळे) आणि गळ दोन्ही घरात आहेत, त्यामुळे वरच्या शेवटच्या मुद्द्यावर मला लिहिलेच पाहिजे.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यानाल्यांतून मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. चढणीचे मासे आपल्या पश्चिम भागात कोणाला माहीत नाहीत असे नाही. हे मासे सांडव्यातून येणारी धार धरून, भाताच्या खाचरांतून, कधी कधी अंग निम्मे पाण्याबाहेर काढून वर सरकतात आणि उथळ गवताळ कडेला अंडी घालतात. खडकात फोडलेल्या सांडव्याला नैसर्गिक पायऱ्या असतात. पायरीपायरीवर पाणी साचते, त्यात मासा क्षणभर विसावतो आणि पुढच्या उडीला बळ घेतो. त्याच सांडव्यावर कंत्राटदाराने काँक्रीटची गुळगुळीत उतरण केली आणि शेवटी कमरेएवढी सरळ भिंत सोडली, की खालचा मासा खालीच राहतो. आमच्या शेजारच्या एका तलावात हेच झाले. पुढच्या चार-पाच पावसाळ्यांत तिथली वांब दिसेनाशी झाली आणि आता तिथे ठेकेदाराच्या बोटुकलीशिवाय आणि चिलापीशिवाय (तिलापिया) काही निघत नाही. चिलापी कोणीही न सोडता शिरते आणि एकदा शिरली की निघत नाही.

ठेकेदार आला की तो सांडव्यावर बारीक जाळी बसवतोच. त्याने बीज पैसे देऊन आणलेले असते, ते पुरात वाहून जाऊ नये ही त्याची काळजी योग्य आहे. पण पहिल्या पावसाचे आठ-पंधरा दिवस ती जाळी उचललेली असली पाहिजे, किंवा तिची भोके खवलीला वर येऊ देण्याइतकी मोठी असली पाहिजेत. त्या वेळी ठेकेदाराचा मासा वाढलेला असतो, तो मोठ्या भोकांतूनही जात नाही. नुकसान होते ते नुकत्याच सोडलेल्या बोटुकलीचे, म्हणून बीज जाळी परत बसवल्यावर सोडावे. एवढे जमवून घेणारे ठेकेदार मी पाहिले आहेत.

वहिवाटीविषयीही टिपणात लिहा. गळ कोण टाकतो, कुठल्या काठावर, पाग टाकण्याला मनाई कुठल्या महिन्यांत असते, उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर सारा गाव एका दिवशी तळ्यात उतरतो का, आणि त्या दिवशी मिळालेल्या माशाची वाटणी कशी होते, हे सारे लेखी कुठेच नसते. आमच्याकडे विधवेच्या घरी आणि देवळाच्या गुरवाकडे वाटा आधी पोहोचतो, मग बाकीचे वाटून घेतात. ठेका झाला की हा रिवाज पहिल्याच वर्षी बुडतो, कारण पाण्यात उतरणारा माणूस कागदावर चोर ठरतो.

पुन्हा: पश्चिम भाग, बेळगाव

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. तुबेच्या एका खांबावर पाचरीच्या खाचा स्पष्ट आहेत, दुसऱ्यावर नाहीत, म्हणजे तो कधीतरी बदललेला दिसतो. कमळांविषयी गावातील आजींनी सांगितले की त्यांच्या लग्नानंतरही कितीतरी वर्षे श्रावणात तलावातून कमळे आणत असत. पाणलोटातील ओढा चंदगडच्या बाजूनेच येतो. आता प्रश्न उरतो तो अधिकाराचा: हे सगळे लिहिले तरी त्याचा उपयोग पंचायतीच्या ठरावात कसा करून घ्यावा?

उत्तर: नंदगडहून

ठरावाची भाषा नेमकी असावी एवढेच सांगतो. कर्नाटकात चाळीस हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र, म्हणजे पाण्याखाली भिजणारी जमीन, असलेले तलाव पंचायत व्यवस्थेकडे असतात आणि त्यापुढचे लघु पाटबंधारे खात्याकडे. म्हणून प्रथम आपल्या तलावाचे लाभक्षेत्र कागदावर किती आहे ते पाहा, नाहीतर ज्याच्या हातात काहीच नाही त्या कार्यालयाला आपण अर्ज करत बसाल. अतिक्रमणासाठी कर्नाटक तलाव संवर्धन व विकास प्राधिकरणाचा २०१४ चा कायदा आधाराला घ्यावा. पाणथळ जागांच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांवर विसंबू नये, कारण सिंचनासाठी किंवा मत्स्यपालनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्यातून वगळले आहेत.

सुशोभीकरण सरसकट नाकारले तर गावातील निम्मे लोक विरोधात जातील. पदपथ बांधाच्या माथ्यावर न घेता शेताकडच्या पायथ्याला घ्यावा, म्हणजे पिचिंग आणि तूब मोकळी राहतात, बांधावर वाढीव भार येत नाही आणि गळवाल्यांची बसण्याची जागाही जात नाही. बेशरम मुळासकट काढायला मात्र आजच सुरुवात करावी, त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. बांधावरची मोठी झाडे तोडण्यापूर्वी अभियंत्याला दाखवावीत, कारण कापलेल्या झाडाची मुळे कुजली की त्या पोकळीतून पाणी वाट काढते.

ठेका द्यायचाच झाला तर अटी करारातच लिहाव्यात. सायप्रिनस आणि गवत्या सोडू नये, बंदी असलेला आफ्रिकन मांगूर तर मुळीच नको, बीजाची पावती पंचायतीला दाखवावी, सांडव्यावरची जाळी पहिल्या पावसात उचलावी, पूर्वेकडचा काठ गावच्या गळासाठी राखून ठेवावा आणि भाताला शेवटचे पाणी मिळेपर्यंत मासे काढण्यासाठी तूब उघडू नये. या अटी आधी ठरावात याव्यात आणि मगच लिलावाच्या जाहिरातीत, म्हणजे बोली लावणारा त्या वाचूनच येईल. तलावाची पाहणी मात्र मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचा मोठा पाऊस येण्याआधी उरकावी. तळ उघडा असताना जुनी पात्ररेषा, गाळाची जाडी आणि तुबेचे खालचे छिद्र एकदमच मोजता येते, आणि त्या वेळी चंदगडच्या बाजूच्या ग्रामपंचायतीचे दोन सदस्य सोबत घेतले, तर पाणलोटाविषयीचे त्यांचे पत्रही त्याच टिपणाला जोडता येईल.